बारदानी, चंप्या आणि आप्पांचा वानेरा

टीव्ही बंद झाला म्हणून मी पुन्हा चित्रं काढायला लागले. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. लातुरात ज्या घरातलं पोरगं अकरावीला जातं, त्या घराचं पुढची दोन वर्षं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, पुस्तकं बैठकीत आली, पाहुणे कमी झाले, मालिका गेल्या. संध्याकाळी सातनंतर आवाज करायचा नाही, असा नियम झाला. आवाज न करता होणारी कामं दोनच: एक निवडणं-टिपणं आणि दुसरं चित्र. निवडणं-टिपणं सासूबाईंनी आधीच ताब्यात घेतलं होतं.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, संकल्पचित्र बरं जमायचं. स्मरणचित्राला पोळा हा विषय आला की आख्ख्या वर्गाचा बैल एकच असायचा. डावीकडे तोंड, चारी पाय सरळ, पाठीवर झूल. झूल फार कामाची. बैलाचं जे जे जमत नाही ते सगळं तिच्याखाली जातं. आमच्यातल्या निम्म्या जणांच्या घरी दावणीला खरे बैल होते, पण त्यातला एकही त्या कागदावर कधी आला नाही. सगळे गाईडमधले बैल. सरांनाही तेच बरं वाटायचं, तपासायला सोपं.

आता पुन्हा वही उघडली तेव्हा प्रश्न तोच होता, समोर काय ठेवायचं? फळं काढली, पण ती सासूबाईंना पूजेला लागायची. माणसं काढावीत तर माणसाला वाटतं आपण बरे दिसलो पाहिजे. नवऱ्याचं एक चित्र काढलं, त्याने ते बघून 'हनुवटी जरा कमी कर' म्हटलं आणि तो विषय संपला. मोबाईलवरच्या फोटोवरून काढणारे खूप आहेत. मीही ते थोडे दिवस करून बघितलं. त्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: फोटोतलं जनावर काढलं की फोटोचं चित्र येतं, जनावराचं येत नाही. फोटोत मांजर थांबलेलं असतं, आणि मांजर तर कधीच थांबत नाही. झोपलेलं असलं तरी त्याची बरगडी वरखाली होते, कान एकटाच फिरतो, शेपटीचं टोक हलतं. ते हलणं बघत बघत हात चालवला की रेघेत काहीतरी उतरतं. काय उतरतं ते मला नीट सांगता येत नाही, पण वहीची पानं उलटली की कुठलं चित्र फोटोवरचं आणि कुठलं समोर बघून काढलेलं, ते लांबूनही कळतं.

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर हिशेब लिहिते. म्हणजे टॅली, पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या), उचलीच्या नोंदी, बारदान्याचा म्हणजे रिकाम्या पोत्यांचा हिशेब. आडत म्हटलं की गोदाम आलं, गोदाम म्हटलं की उंदीर आले आणि उंदीर म्हटल्यावर मांजर. आमच्या मांजरीला कुणी पाळलेलं नाही. ती आहे, एवढंच. दूध मालक देतात, भाकरी हमाल देतात, माझ्या डब्यातलं तिला काही आवडत नाही. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर झोपते म्हणून हमालमामांनी तिचं नाव बारदानी ठेवलं. काळा, तांबूस आणि पांढरा असे तीन रंग. पोरगं एकदा बायोलॉजीच्या पुस्तकातून मान वर काढून म्हणालं होतं, 'आई, तीन रंगांची आहे म्हणजे मादीच असणार.' तांबूस की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात. तीन रंगांच्या हजारो मांजरांत एखादा बोका निघतो म्हणे, पण तो अपवाद. नीटच्या क्लासची फी भरल्यापासून मला मिळालेला हा पहिला फायदा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन येतं तेव्हा मोंढ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. बारदानीही तेव्हा दिसत नाही, पोती-कट्ट्यांच्या आवाजाला कंटाळून ती पत्र्यावर जाते. मग तूर, मग हरभरा. खरी चित्रं निघतात ती त्यानंतर, उन्हाळ्यात, दुपारी सौदे उरकल्यावर. समोर कॉम्प्युटर, बाजूला जुन्या पट्ट्यांचे कोरे मागचे भाग आणि बॉलपेन. पेन्सिल मी आडतीवर नेतच नाही. पेन्सिल नेली की खोडरबर आलं, खोडरबर आलं की मी मांजर सोडून कागदाकडेच बघत बसते. पेनची रेघ चुकली तर चुकली, तिच्या शेजारी दुसरी काढायची. पुष्कळदा दोन्ही रेघा राहतात आणि मांजर हलतंय असं वाटतं.

मांजर काढताना पहिली अडचण येते ती तिच्या रंगांची. काळा डाग डोळ्यापासून मानेपर्यंत जातो, तांबूस डाग अर्ध्या पाठीवर. डागांच्या कडा हाडांचं, स्नायूंचं काही ऐकत नाहीत. आपला डोळा मात्र आधी डागालाच धरतो. डाग आधी काढले की खाली मांजर उरत नाही, नुसती ठिगळं उरतात. म्हणून आधी सगळी मांजर एका रंगाची समजायची, डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत कण्याची एक रेघ ओढायची, मग खांदा आणि ढुंगण कुठे आहे ते ठरवायचं, आणि रंग सर्वांत शेवटी. पेनने काळ्याला भरीव करायचं, तांबूसला तिरक्या रेघा, पांढऱ्याला काहीच नाही. मिशा तर मी काढतच नाही. मिशा काढल्या की लगेच कॅलेंडरवरची मांजर होते.

चालताना ती मान खाली घालते तेव्हा खांद्याची हाडं पाठीच्या रेघेच्या वर येतात, एक वर, एक खाली, आलटून पालटून. आधी मला वाटायचं ती अशक्त आहे. तसं नाही. मांजरीचं गळपट्टीचं हाड अगदी बारीक असतं आणि ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. खांदा नुसता स्नायूंवर लटकलेला. म्हणून तर डोकं जाईल एवढ्या फटीतून ती आख्खी जाते. आमच्या गोदामाच्या शटरखालून जाते ती तशीच. आणि दुसरी गोष्ट, ती मला चित्राने नाही, मोंढ्याच्या धुळीने शिकवली. चाळणी लावून माल साफ झाला की फरशीवर बारीक भुसा-मातीचा थर बसतो. त्यावरून बारदानी गेली की मागे पावलांची एकच रांग उमटते. चार पाय, आणि ठसे दोन पायांच्या माणसाएवढेच. कारण मागचा पाय ती बरोबर पुढच्या पायाने सोडलेल्या जागी टाकते. हे कळल्यावर चालणारी मांजर काढायला सोपी झाली. पुढचा पाय उचलला की तिथेच मागचा येणार, जागा आधीच ठरलेली.

हमालमामा चहाला बसले की वही मागून बघतात. त्यांच्याकडून शाबासकी मिळायची नाही. 'ताई, ही उठून गेली की, आता काय काढलालाव?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. नवीन माणूस जनावर काढायला घेतो आणि दोन-चार दिवसांत सोडून देतो ते याच कारणाने. अर्धं चित्र होतं, मॉडेल निघून जातं.

याला माझा एकच उपाय आहे, आणि या सगळ्या लिहिण्यात सांगण्यासारखं काही असेल तर तेच. जनावर निघून जातं, पण ते परत येतं. घरचं, ओळखीचं जनावर दिवसभरात फार थोड्या प्रकारे बसतं. बारदानीच्या झोपण्याच्या तऱ्हा मोजक्या, बसण्याच्या त्याहून कमी. थप्पीवर कुशीवर, वजनकाट्याच्या सावलीत पाय पोटाखाली घेऊन, पाण्याच्या रांजणाजवळ पसरून, आणि मालक आले की सरळ ताठ, शेपटी पायाभोवती गुंडाळून. म्हणून मी एका पानावर एक चित्र काढतच नाही. चार-पाच अर्धवट चित्रं एकाच वेळी उघडी ठेवते. ती कुशीवरून उठली की ते चित्र तिथेच सोडायचं आणि आता जशी बसली तसं दुसरं सुरू करायचं. तासाभरात, नाहीतर उद्या, ती पुन्हा कुशीवर झोपणार. मग जुन्या चित्रावर परत जायचं आणि राहिलेला मागचा पाय पुरा करायचा. रस्त्यावरच्या अनोळखी मांजरीसोबत हे होत नाही. तिची कुस पुन्हा आपल्या नशिबात नसते. घरच्या जनावराचा हा फायदा कुणी सांगत नाही, सगळे नुसते 'प्रेमाने काढा' म्हणतात. प्रेम असेल तर असू दे, पण काम करतो तो जनावराचा रोजचा ठरलेला दिनक्रम.

पानाला तारीख घालायची सवय हिशेबातून आली. कागद आहे तर तारीख पाहिजे, वेळही पाहिजे. त्यातून एक वेगळंच हाती लागलं. फेब्रुवारीतली पानं उलटताना दिसलं की कुशीवरच्या चित्रात पोटाची रेघ दर आठवड्याला जरा खाली खाली येतेय. काढताना मला ते कळलंही नव्हतं, हाताने आपलं दिसलं तसं काढलं होतं. मांजरीला पिल्लं व्हायला साधारण नऊ आठवडे लागतात. मी मालकांना म्हटलं, मागची थप्पी आता हलवू नका. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बारदानीकडे, आणि थप्पी तशीच राहिली.

पिल्लं काढायला मी फार वाट बघितली नाही, पण पहिला आठवडा लांबूनच. डोळे मिटलेली पिल्लं म्हणजे चित्रकाराला मोठी सोय, कुठे जात नाहीत. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडायला लागतात, आधी एक फट, मग निळसर करडे गोळे, आणि पुढे खरा रंग येतो. पिल्लाचं चित्र बिघडतं ते बहुतेक डोक्याच्या मापात. आपण मोठ्या मांजरीचं माप मनात धरतो आणि ती छोटी करून काढतो. मग ते पिल्लू न दिसता खूप लांब उभी असलेली मोठी मांजर दिसते. पिल्लाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, कान बाजूला आणि खाली, पाय आखूड, पोट पुढे. ते माप पेन आडवं धरून खरंच मोजायचं. लाजायचं नाही. मी तर आडतीवर दिवसभर मापंच लिहिते.

घरी कुत्रा आहे, चंप्या. गावठी. वर भाड्याने राहणारी क्लासची पोरं त्याला बिस्किटं घालतात, त्यामुळे त्याची निष्ठा दोन मजल्यांत विभागलेली आहे. अंगावर केस कमी, बरगड्या मोजता येतील असा. शिकायला यापेक्षा चांगला कुत्रा नाही, हे मी ठासून सांगते. शेजारच्या गल्लीत एक पॉमेरेनियन आहे, सगळ्यांना तो काढावासा वाटतो. पण त्याच्यात बघायला फक्त केस आहेत, आत कुत्रा कुठे आहे ते कळत नाही. माझ्या माहेरी भावाने कारवानी, म्हणजे शिकारी जातीचा कुत्रा, पाळलाय, तो तर अजून सोपा: छाती खोल, पोट पार आत गेलेलं, पाय लांब, हाडं सगळी बाहेरून दिसतात. कारवानी काढला की पुढचे सगळे कुत्रे सोपे जातात. फक्त तो बसायला तयार असला पाहिजे. आमच्या भावाचा कारवानी ससा दिसला की गावाच्या शिवेपलीकडे असतो.

चंप्याच्या मागच्या पायात सगळे जण अडकतात. मागच्या पायाला मध्ये एक कोपरा असतो, तो मागच्या बाजूला वाकलेला. आपण म्हणतो, कुत्र्याचा गुडघा उलटा असतो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा माझा मामेभाऊ सुट्टीत आला होता, त्याने चंप्याला धरून माझ्या बोटांनी एकेक जागा चाचपायला लावली. 'ताई, हा गुडघा नाही, ही टाच आहे. गुडघा वर, पोटाला लागून, पुढे वाकतो, आपल्यासारखाच.' कुत्रा-मांजर बोटांवर चालतात, टाच कायम वर. चंप्या बसला की मात्र टाच जमिनीला टेकते आणि पाऊल केवढं लांब आहे ते अचानक दिसतं. मग त्याने पुढचं सांगितलं. गाय-बैल-शेळी याहून एक पायरी वर, ती नखाच्या टोकावर उभी असतात. खूर म्हणजे दोन बोटांची नखं, आणि बैलाच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. त्या रात्री पोराच्या टेबलाखालच्या उजेडात मी आमच्या सगळ्यांच्या पायांची चित्रं शेजारी शेजारी काढली: माझा, चंप्याचा, बैलाचा. टाच कुठे, मनगट कुठे, बाण मारून. त्यानंतर उलटा गुडघा माझ्या वहीत आला नाही.

मराठवाड्यात राहून जनावरं काढायची तर हवामान बघूनच काढावी लागतात, हेही लिहून ठेवते. कारण चित्रकलेच्या पुस्तकांत ते कधी दिसलं नाही. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की चंप्या न्हाणीच्या बाहेर ओल्या फरशीवर चारी पाय लांब करून पडतो, पोट जमिनीला, मागचे पाय मागे ताणलेले. अंग केवढं लांब आहे, बरगडी कुठे संपते, मांडी कुठून निघते, हे सगळं तेव्हा दिसतं. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांवर तोच कुत्रा नाक शेपटीखाली घालून असा गोळा होतो की पाय शोधावे लागतात. म्हणून लांबी-रुंदी मे महिन्यात शिकायची, आणि गोल, वजन, एकावर एक येणारे आकार थंडीत. पावसाळ्यात ओला कुत्रा मिळाला तर तो दिवस वाया घालवू नका. केस चिकटले की खालचा खरा आकार मोफत दिसतो. फक्त तो अंग झटकायच्या आत वही बंद करा.

आता माहेर. देवणी तालुक्यातलं छोटं गाव, आणि आप्पा. आप्पांनी आयुष्यात चित्र म्हणून काही काढलं नाही, पण जनावराची पारख त्यांच्यापुढे भल्याभल्यांना नाही. आमच्याकडचा बैल देवणी, आणि आप्पा देवणीच्या तीन तऱ्हा सांगतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बाळंक्या म्हणजे पांढरा, पण खाली पोटाकडे काळे ठिपके. शेवरा म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे डाग. दारातला बैल वानेरा.

गेल्या येळवशीला मी वही घेऊन गेले होते. येळवस आमच्या लातूर-धाराशिवकडचा सण, मार्गशीर्षातली अमावास्या. सगळं गाव शेतात, भज्जी, आंबील, उंडे. जेवणं झाल्यावर माणसं बांधाला आडवी झाली आणि मी वानेरा काढायला बसले. चांगला तासभर लागला. कपाळ फुगीर, कान लोंबते, गळ्याखालची पोळी, वशिंड, सगळं काढलं. मला तरी ते बरं वाटत होतं. आप्पा उठले, डोळ्यावर हात धरून वहीकडे बघितलं आणि म्हणाले, 'कुणाचा बैल काढलालीस माय?'

'आप्पा, आपलाच की ओ.'

'आपला न्हाई. ह्याच्या मानंवर जू कुठं ठिवावं?'

मी पुन्हा बघितलं. चित्रात डोक्यामागे मान, मानेमागे लगेच वशिंड. दोन्हींच्या मध्ये जी सपाट जागा असते, जिथे जू बसतं, जिथलं कातडं वर्षानुवर्षं घासून जाड होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला जिथे हळद-लोणी चोळतात, ती जागाच मी गिळली होती. बैलाच्या अंगावरची सर्वांत महत्त्वाची जागा. चित्रकलेच्या शिक्षकाने सांगितलं असतं की प्रमाण चुकलंय. आप्पांनी सांगितलं की हा बैल कामाचा नाही. दुसरं जास्त लक्षात राहतं.

तेव्हापासून मी गावी गेले की चित्र आधी आप्पांना दाखवते. ते चित्राबद्दल बोलत नाहीत, बैलाबद्दल बोलतात. 'ह्याला बसता यायचं न्हाई' म्हटलं की समजायचं मागच्या पायाचा कोन बिघडलाय. 'हे आजारीय का?' म्हटलं की कान चुकले. बैल उठताना काढून दाखव, असंही त्यांनीच एकदा सांगितलं, तेही मुद्दाम. बैल उठतो तेव्हा आधी मागचा भाग वर घेतो, पुढून अजून गुडघ्यावर, म्हणजे मनगटावर. मग एकेक पुढचा पाय. बसताना आधी पुढे टेकतो, मग मागे. घोड्याचं उलट, तो आधी पुढचे पाय रोवतो. लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या रांगेत उभं राहून मी ते नीट बघून घेतलं. बैलाचं ते मधलं उठणं दोन-तीन सेकंदांत संपतं, पण रोज सकाळी ठरल्या वेळी होतं, म्हणून वही आधीच उघडून बसायचं आणि त्या दोन सेकंदांत फक्त पाठीची तिरकी रेघ मारायची. बाकीचं नंतर, आठवून. परीक्षेतल्या स्मरणचित्राचा खरा उपयोग हा असावा.

मध्ये पोराच्या शाळेबरोबर अजिंठ्याला गेले होते, म्हणजे पालक म्हणून पोरांची मोजणी करायला. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या वर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच. ज्या धडावर नजर ठेवाल त्याचंच ते वाटतं. गाईड लोक ते कोडं म्हणून दाखवतात, पोरं 'अरे हो' म्हणतात आणि पुढे जातात. मी मात्र थांबले, कारण आता मला माहीत होतं की एक मान चार दिशांच्या अंगांना लागू पडायची तर ती हरणं कुणीतरी रोज बघितलेली असणार, मान कुठवर वळते आणि कुठे अडते हे हाताला पाठ असलेली. पाचव्या शतकातलं काम आहे ते. त्या कोरणाऱ्याच्या घराजवळ हरणं होती की काय, कुणास ठाऊक. मी तेवढ्यात दोन मुलं हरवली, ती बाहेर आइस्क्रीमच्या गाड्यापाशी सापडली.

गावाकडची शेळी उस्मानाबादी, काळीभोर. काळं जनावर काढायला लोक घाबरतात, सगळं भरून टाकतात आणि मध्ये भोक पडल्यासारखं दिसतं. काळं म्हणून काळं भरू नका. दुपारच्या उन्हात काळ्या शेळीच्या पाठीवर, पोटऱ्यांवर, कानाच्या वळणावर उजेड एवढा पांढरा असतो की कागद कोराच सोडावा लागतो. मी आधी ती कोरी जागा कुठे कुठे आहे ते हलक्या रेघेने बांधून घेते, मग बाकीची शेळी केसांच्या दिशेने रेघा मारत भरते. आणि तिचा डोळा. शेळीची बाहुली आडवी असते, चौकोनी फट. त्यामुळे तिला चरताना मान न हलवता दोन्ही बाजूंचं दिसतं. मांजरीची बाहुली उन्हात उभी फट होते, कुत्र्याची गोल राहते. या तीन बाहुल्या नीट काढल्या की बाकी चेहरा थोडा इकडेतिकडे झाला तरी बघणारा जनावर ओळखतो. आमच्या भाचीने शेळीच्या चित्राला हात लावून विचारलं, 'आत्या, ही चावती का?' मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली दाद ती.

वहीबद्दल कुणी विचारतं. भारी काही नाही. शाळेची कोरी वही, बॉलपेन, घरी असले तर ४बी पेन्सिल. जाड, महागडा कागद घेतला की हात आखडतो, 'एवढ्या कागदावर हे काय काढलं' असं वाटतं. पट्टीच्या मागच्या बाजूला तसं वाटत नाही. रोज किती वेळ, याला उत्तर नाही. सीझनमध्ये चहाचा पेला संपेपर्यंत, उन्हाळ्यात दुपारभर. फक्त रोज. जनावर रोज असतं म्हणून.

आता म्हैस काढायचं मनात आहे. मराठवाडी म्हशीची शिंगं मानेला लागून मागे खांद्यापर्यंत जातात, आणि ती मान वळवते तेव्हा त्या शिंगांचं काय होतं ते मला अजून कागदावर धरता आलेलं नाही. म्हैस एका जागी शांत उभी सापडते ती धारेच्या वेळी, म्हणून वैनीला विचारलं, पहाटे गोठ्यात बसू का? वैनीने चरवी खाली ठेवली आणि सांगितलं, 'बसा की, पण वही बाहेरच ठिवा. परक्या माणसाला बघून म्हैस पान्हा चोरती, आन् मग डेअरीत तुमचं चित्र घालू का?' तर सध्या मी पहाटे रिकाम्या हाताने गोठ्यात बसते, म्हशीला माझी सवय होईपर्यंत.